एप्रिलची छाटणी

योहानाच्या शुभवर्तमानाचा पंधरावा अध्याय आमच्या घरात शेतकऱ्याच्या कानांनी ऐकला जायचा. वधस्तंभाच्या आदल्या रात्री येशू शिष्यांना वेल आणि फाट्यांबद्दल सांगतो, पित्याला माळी म्हणतो, तो हा अध्याय. आजोबांची निफाडकडे द्राक्षबाग होती. हा भाग आला की ते वाचता वाचता थांबत, बोलू लागत, आणि आता शास्त्र चाललंय की बाग, हे आम्हा मुलांना उमगत नसे.

आमच्याकडे द्राक्षवेल वर्षातून दोनदा छाटतात. ऑक्टोबरातली गोडी छाटणी सगळ्यांच्या आवडीची, कारण तिच्यामागून घड येतात. एप्रिलची खरड छाटणी मात्र मला बघवत नसे. माल निघून गेलेला, ऊन चाळिशीच्या घरात, आणि अशा वेळी चांगल्या हिरव्या काड्या पार ओलांड्यापर्यंत, म्हणजे तारेवरच्या जुन्या आडव्या फांदीपर्यंत, खरडून काढायच्या. मांडवावर नुसत्या तारा आणि काळपट ओलांडे उरायचे. पुढे नवी फूट आली की आजोबा पानाच्या देठाशी असलेला डोळा अंगठ्याने दाखवून म्हणत, "पोरी, घड आत्ता धरतोय. ऑक्टोबरात फक्त बाहेर येईल." मे-जूनमध्ये त्या डोळ्याच्या आत सूक्ष्म घड तयार होतो. बाहेरून काहीच दिसत नाही, डोळा कापून सूक्ष्मदर्शकाखाली धरावा लागतो. त्या दिवसांत डोळ्यावर ऊन पडलं नाही, तर पुढे कितीही खतपाणी घाला, घडाच्या जागी बाळी, म्हणजे वेलीचा नुसता ताणा, येते.

संध्याकाळी दिवाबत्ती झाली की भाकरीच्या आधी प्रार्थना. स्तोत्रसंहिता ओळीने वाचायची, मग 'उपासना संगीत'मधलं एखादं गीत. आजीला अक्षरओळख बेताचीच, पण नारायण वामन टिळकांची पदं तोंडपाठ. टिळकांचा बाप्तिस्मा १८९५मध्ये मुंबईत झाला. अभंग-ओवीची गोडी त्यांनी मागे टाकली नाही, ती घेऊनच ते ख्रिस्ताकडे आले. त्यांचे आमच्यावर केवढे उपकार आहेत! त्यांच्यामुळे आजी जात्यावर बसल्या बसल्या प्रभूशी बोलू शकली, आपल्याच भाषेत, आपल्याच चालीवर. चर्चमधला देव आणि स्वयंपाकघरातला देव असे दोन देव आम्हाला कधी माहीतच नव्हते.

नर्सिंग शिकायला मी मिरजेला गेले. तिथे वसतिगृहात एक लहानसं पुस्तक हातोहात फिरत असे. पॅरिसमधल्या कार्मेलाइट मठात सतराव्या शतकात ब्रदर लॉरेन्स नावाचे एक साधे बंधू होते. त्यांनी वर्षानुवर्षं मठाचा स्वयंपाक केला, पुढे चपला दुरुस्त केल्या. त्यांचे संवाद आणि पत्रं त्यांच्या मृत्यूनंतर छापली गेली. गुडघे टेकलेले असोत की हातात कढई असो, देवाचं सान्निध्य त्यांना सारखंच जाणवे. मला यात नवल वाटलं नाही, आजी आठवली.

रात्रपाळीत मी माझी रीत शोधली. नाडी मोजताना प्रार्थना करता येत नाही, आकडा चुकतो. सलाइनचे थेंब मोजतानाही नाही. पण एका खाटेवरून दुसऱ्या खाटेकडे जाताना हात धुवावे लागतात, आणि साबणाचा फेस निघेपर्यंत एक नाव प्रभूपुढे ठेवायला पुरेसा वेळ असतो. आताच जिची जखम पुसली तिचं नाव. नळ बंद, पुढची खाट. पहाटे तीनच्या सुमाराला, वॉर्डात फक्त कण्हण्याचे आवाज असताना, त्या बेसिनपाशी मला प्रभू जितका जवळ वाटला तितका मोठ्या संजीवन सभांतही क्वचित वाटला.

यजमान गेले आणि ते सगळं थांबलं. शास्त्र उघडायची, शब्द डोळ्यांखालून जायचे, आत उतरायचे नाहीत. ओठ हलायचे, समोर कुणी आहेसं वाटायचं नाही. मंडळीतल्या भल्या माणसांनी काळजीने विचारलं, "बाई, प्रभूबरोबरची सहभागिता तुटली का?" त्यांचा हेतू चांगला होता, तरी हा प्रश्न मला आजही अन्यायाचा वाटतो. अठ्ठ्याऐंशीवं स्तोत्र काळोखातच संपतं, शेवटी तिथे उजाडत नाही, आणि तरीही ते अगदी पहिल्या ओळीपासून देवाशीच बोलतं. शास्त्राने त्याला जागा दिली आहे. मीही रोज एक स्तोत्र वाचत राहिले. काही वाटो न वाटो, त्याच्यासमोर बसून राहिले. मांडवावर काही दिसत नव्हतं, एवढंच.

त्याच काळात वॉर्डातल्या बायका मला हाक मारू लागल्या. कुणाचं माणूस गेलं की, "त्या सिस्टरना बोलवा." मी बोलत फारसं नसे, हात धरून बसत असे. पूर्वी मला असं बसता येत नव्हतं, लगेच एखादं वचन सांगायची घाई व्हायची. ते बसणं मी कुठे शिकले, हे मला पुष्कळ उशिरा कळलं. तो दयाळू आहे. मी त्याला हरवून बसले असं मला वाटत होतं, तेव्हा तो माझ्यात काम करत होता.

आता निवृत्त आहे. सकाळी चहाआधी शास्त्र, सध्या यिर्मया चालू आहे, जड जातो पण सोडवत नाही. जवळीक पुन्हा जाणवते, रोज नाही. भांडी घासताना नावं घेते: मुलं, सुना, पाळकसाहेब, वरच्या मजल्यावरची बाळंतीण. मिरजेतल्या पुष्कळांची नावं विसरले आहे. त्यांना मी खाटेच्या नंबराने प्रभूपुढे नेते.