फॉरेक्सचा बॉट घेण्याआधी एवढं वाचा

मंडळी, पोस्ट जरा लांब आहे, पण घरात कमावती मुलं असतील तर वाचाच. मी सॉफ्टवेअरचं काम करतो. त्यामुळे हल्ली महिन्याला दोन-तीन जण तरी विचारतात, "दादा, फॉरेक्सचा बॉट बनवून द्या ना, आपण झोपलो तरी कमावणारा." काहींनी तर वडिलांची एफडी मोडून तो विकत घेतलाय. म्हणून एकदाच सगळ्यांसाठी लिहितो.

बॉट बनवायला चार दिवस पुरतात. तो खऱ्या बाजारात नफ्यात ठेवणं हे खरं काम.

आधी खर्च बघा. युरो-डॉलरमध्ये एक पिप म्हणजे 0.0001. समजा बॉट दिवसाला 20 सौदे करतो आणि जुन्या भावांवर सौद्यामागे सरासरी 1 पिप सुटतो. कागदावर झाले 20 पिप. खऱ्या बाजारात खरेदी-विक्रीच्या भावातला फरक, कमिशन आणि ऑर्डर पोचेपर्यंत सरकलेला भाव मिळून दीड पिप गेला, की तोच बॉट रोज 10 पिप तोट्यात. विकणारा दाखवतो तो आलेख बहुतेक वेळा या खर्चाशिवायचा असतो.

दुसरं, 500 सेटिंग जुन्या भावांवर चालवून बघितल्या तर एखादी नुसत्या योगायोगानेही भरघोस नफा दाखवते. म्हणून बॉट 2015 ते 2020च्या भावांवर बनवायचा, 2021 नंतरचे भाव झाकून ठेवायचे आणि शेवटी एकदाच तपासायचं. त्यात टिकला तर काही महिने सगळ्यात लहान लॉटवर चालवायचा. एवढं कोणी करत नाही, कारण इथेच बहुतेक बॉट गळतात.

तिसरं, 'एकही महिना तोटा नाही' म्हणणारा बॉट दिसला की सावध व्हा. तो बहुधा हरल्यावर लॉट दुप्पट करत असतो. सलग 10 वेळा हरला की पुढचा सौदा पहिल्याच्या 1024 पट! वर्षभराची कमाई एका दुपारी जाते, सोबत मुद्दलही.

"स्टॉपलॉस लावलाय ना" असं म्हणू नका. 15 जानेवारी 2015 ला स्विस मध्यवर्ती बँकेने युरोमागे 1.20 फ्रँकची मर्यादा अचानक सोडली. मध्ये घेणाराच नव्हता, त्यामुळे स्टॉपलॉस कितीतरी खालच्या भावाला लागले. लंडनची अल्पारी यूके ही ब्रोकर कंपनीच त्यात दिवाळखोर झाली.

आणि कायदा. परदेशी ॲपवर मार्जिन भरायला इथून पैसे पाठवणं फेमात बसत नाही. अनधिकृत मंचांची यादी रिझर्व्ह बँकेच्या संकेतस्थळावर आहे. रुपयाचे चलन-वायदेसुद्धा ज्याची खरी परकीय चलनातली देणी-घेणी आहेत त्याच्यासाठीच, हे बँकेने 2024 मध्ये पुन्हा स्पष्ट केलं. म्हणजे पैसे बुडाले तर तक्रार करायला गेलेलाच कात्रीत सापडतो.

बॉट विकणाऱ्याला एवढंच विचारा : तुम्हाला ब्रोकरकडून प्रत्येक लॉटमागे कमिशन मिळतं का? मिळत असेल तर तुम्ही जिंका किंवा हरा, बॉट जेवढे जास्त सौदे करेल तेवढी त्याची कमाई.

शिकायचं असेल त्याने जरूर यावं. डेमो खात्यावर, खोट्या पैशांवर, मी स्वतः बसून शिकवीन, फी नाही. पण एफडी मोडू नका.