नवें कार्ड आणि जुनी पेटी

घरांत कांहीं बिनसलें म्हणजे आपली दृष्टि प्रथम वळते ती नव्यानें आलेल्याकडे. नवी मोलकरीण आली आणि वाटी हरवली, तर ती तिनेंच नेली. नवी सून आली आणि कुरबुर सुरू झाली, तर ती तिनेंच आणली. असा निवाडा मीं आयुष्यभर ऐकला, आणि खरें सांगावयाचें तर पुष्कळदां केलाही. तो न्याय नव्हे, हें मला वयाच्या ६४ व्या वर्षीं एका कॉम्प्युटरनें शिकविलें.

आमचें घर धाराशिवांत. उस्मानाबादचें नांव कागदोपत्रीं धाराशिव झालें तें २०२३ सालीं. आमच्या सासूबाईंच्या तोंडीं मात्र तें नेहमीं धाराशिवच असे. घरांत आम्ही नऊ माणसें. थोरल्या मुलाचें लग्न होऊन वर्ष झालें. सून सोलापूरची, येथील एका बँकेंत नोकरीस. धाकट्या भाऊजींचा मुलगा वास्तुशास्त्र शिकतो. त्याच्या आराखड्यांना घरचा जुना कॉम्प्युटर पुरेना, म्हणून गेल्या दिवाळींत भाऊजींनीं त्याला नवें ग्राफिक्स कार्ड घेऊन दिलें. पडद्यावरील चित्रें झरझर रेखाटण्याचें काम हें कार्ड करतें, एवढें मला समजलें.

कार्ड बसविलें, आणि दुसऱ्याच दिवसापासून यंत्र ‘हँग’ होऊं लागलें. साधें लिहिणें चालूं असतां कांहीं होत नसे. परंतु मोठा आराखडा फिरवून पाहूं लागतांच पडदा गोठे, माऊस हलेनासा होई, एकच सूर घूं घूं करीत राही, आणि शेवटीं बटण दाबून सर्व बंद करण्यावांचून गत्यंतर नसे. कधीं यंत्र आपोआपच बंद होऊन पुन्हा सुरू होई. भाऊजींनीं तत्काळ निकाल दिला, “कार्डच सदोष आहे. दुकानांत परत कर.” मींही मान डोलावली.

पोरगा म्हणाला, “मोठ्या काकू, मला एकेक करून पाहूं द्या.”

आमच्याच जिल्ह्यांत तेर आहे, गोरोबाकाकांचें गांव. संतमंडळींत कोणतें मडकें कच्चें हें पाहावयास गोरोबाकाका थापटणें घेऊन निघाले, ही कथा सर्वांस ठाऊक आहे. त्यांनीं कोणाचेंही मस्तक वगळलें नाहीं. आणि अखेर कच्चे ठरले ते देवाचे लाडके नामदेव! आमच्या पोरानें तीच रीत धरिली. जुन्या कार्डाचे ड्रायव्हर मागें राहिले असतील म्हणून सेफ मोडमध्यें जाऊन ते समूळ काढले व नवे घातले. कार्ड उपसून, धूळ झटकून, खाचेंत पुन्हा घट्ट बसविलें. उष्णता मोजली, ती मर्यादेंत होती. रॅमची परीक्षा रात्रभर चालविली. एकही चूक निघाली नाहीं. यंत्राच्या अंतर्गत नोंदवहींत ‘कर्नल-पॉवर ४१’ अशी नोंद वारंवार सांपडे. परंतु यंत्र रीतसर बंद न होतां अकस्मात् थांबलें, एवढेंच ती नोंद सांगते. कां थांबलें, हें सांगत नाहीं.

मग त्यानें जुनें कार्ड पुन्हा बसविलें. तीन दिवस यंत्र सुरळीत चाललें.

“झालें ना सिद्ध?” भाऊजी म्हणाले.

“नाहीं बाबा,” तो म्हणाला. “नवें कार्ड असलें म्हणजे बिघाड होतो, इतकेंच सिद्ध झालें. बिघाड कार्डांत आहे, हें कुठें झालें?”

हें वाक्य मला लागलें. कारण त्याच पंधरवड्यांत सून माहेरीं गेली होती. एका सकाळीं डब्यावरून मी बोलूं नये तें बोललें होतें. ती कांहीं न बोलतां बँकेंत गेली, आणि शनिवारीं सोलापूरला. मुलानें तिकडे बदलीसाठीं अर्ज केला होता. आणि मी जाणाऱ्या-येणाऱ्याला सांगत होतें, “पाहा, ती नाहीं तर घर कसें शांत आहे!”

सोलापूर आमच्यापासून फार दूर नाहीं. सुनेच्या भावाकडे नव्या धर्तीचा कॉम्प्युटर आहे. पोरगा कार्ड घेऊन एस्. टी. नें तिकडे गेला व दुसऱ्या दिवशीं परतला. “वहिनीच्या माहेरीं कार्ड रात्रभर कामाला जुंपलें, काकू. एकदांही गोठलें नाहीं.”

“मग दोष कोणाचा?”

त्यानें यंत्राच्या तळाशीं कोपऱ्यांत बसविलेली एक करडी पेटी दाखविली. तिला पॉवर सप्लाय म्हणतात. भिंतींतली वीज घ्यावयाची आणि प्रत्येक भागास सोसेल अशा बेतानें वांटून द्यावयाची, हें तिचें काम. वय नऊ वर्षें. अंगावर ४५० वॅट असें लिहिलेलें. कार्ड ज्या खाचेंत बसतें ती खाच फार तर ७५ वॅट देते. जुन्या कार्डाचें तेवढ्यांत भागे. नव्याला त्याखेरीज पेटींतून आठ पिनांची निराळी तार लागते. तिच्यांतून आणखी १५० वॅटपर्यंत शक्ति घेण्याची सोय असते. शिवाय त्याची मागणी एकसारखी नसते. क्षणार्धांत एकदम उसळते. पेटीनें त्या वेळीं १२ व्होल्टचा दाब ११.४ च्या खालीं जाऊं देतां कामा नये. परंतु आंतील कपॅसिटर वर्षानुवर्षांच्या उष्णतेनें क्षीण झालेले. उसळी आली कीं दाब पडे, आणि गोठत असे मात्र कार्ड! अंगावर लिहिलेला आकडा होता तो पेटी नवी होती तेव्हांचा.

“मग हिचा संशय कोणालाच कसा आला नाहीं?” मीं विचारलें.

“ती आवाज करीत नाहीं ना, काकू. आणि जुनें ओझें अजून निमूटपणें वाहते. म्हणून सगळ्यांना वाटतें, ती ठीकच आहे.”

६५० वॅटची नवी पेटी आणली. तेंच कार्ड, तेंच यंत्र. त्यानंतर एकदांही गोठलें नाहीं. ज्या घरीं असें कार्ड आणावयाचें असेल त्यांनीं कार्डाच्या खोक्यावर किती वॅटचा पुरवठा सांगितला आहे तें आधीं वाचावें, आणि पेटीचें वयही विचारांत घ्यावें. मात्र ती पेटी कोणी घरीं उघडूं नये; तार काढल्यावरही आंत कांहीं काळ वीज साठून राहते, असें पोरानें मला बजावून सांगितलें.

त्या रात्रीं मला झोंप आली नाहीं. चाळीस वर्षें मी पहाटे पांचाला उठतें. नऊ माणसांचा स्वयंपाक, देवघर, आलें-गेलें, सणवार. दोन वर्षांपासून गुडघे धरतात, कणीक मळतांना मनगट दुखतें. हें मीं कोणाला सांगितलें नाहीं. सांगितलें तर आपलें महत्त्व जाईल, ही भीति. सून आली आणि वेळा बदलल्या. नवाच्या आंत आणखी दोन डबे, संध्याकाळीं उशिरा जेवणें. मागणी फार मोठी नव्हती. परंतु ती एकदम उसळे, आणि मला झेपत नसे. मग मी दोन-दोन दिवस अबोला धरीं. घर गोठे. आणि सगळे पाहत सुनेकडे, मीही त्यांच्यांतच.

सकाळीं मीं तिला फोन केला. पुष्कळ बोलावयाचें ठरविलें होतें, तोंडून एकच वाक्य निघालें, “सकाळचें सगळें मला आतां झेपत नाहीं ग.” असें वाक्य मीं या घरांत पूर्वीं कधीं उच्चारलें नव्हतें. पलीकडे बराच वेळ शांतता होती. मग ती म्हणाली, “आई, हें मला आधीं कां नाहीं सांगितलेंत? पोळ्यांना बाई पाहूं. भाजी मी रात्रीं चिरून ठेवीत जाईन.”

पुढच्या रविवारीं ती आली. पोळ्यांच्या बाई येऊं लागल्या. त्यांच्या पोळ्या मला अजून जाड वाटतात, पण मी बोलत नाहीं. मुलानें बदलीचा अर्ज मागें घेतलेला नाहीं. तो घ्यावा असें मींही म्हटलेलें नाहीं. ती दोघें गेलीं, तर या वेळीं तरी दोष कोणाचा, हें मला ठाऊक असेल.