बटण हिरवे होईना

आम्ही सांगलीकडच्या एका उर्दू शाळेत गणित-विज्ञान शिकवतो. कॉम्प्युटरचे आमचे शिक्षण बी.एड.च्या वेळी जे जुजबी झाले तेवढेच. पण शाळेत ज्याला माऊस नीट धरता येतो, त्याच्याच गळ्यात सगळी ऑनलाइन कामे पडतात. शालार्थ, सरल, यू-डायस, शिष्यवृत्तीचे फॉर्म, सारे आमच्या टेबलावर. मुले वर्गात वाट पाहत असतात आणि आम्ही पासवर्ड आठवत बसतो. हे रडगाणे सगळ्याच शाळांचे आहे, म्हणून ते इथेच थांबवतो. सांगायची गोष्ट वेगळी आहे.

जूनचे दिवस होते. फळांचा गाडा लावणारे एक पालक मुलीला घेऊन आले. मुलगी बारावी चांगल्या गुणांनी पास झालेली. प्रवेशासाठी ओबीसीचा दाखला आणि त्याची पडताळणी हवी होती. जात बागवान. घरात, मोहल्ल्यात, बाजारात सगळ्यांना ठाऊक. पण कागदावर नाही. आपल्या राज्यात ओबीसीसाठी 13 ऑक्टोबर 1967 पूर्वीचा पुरावा मागतात. त्यांच्याकडे तेवढा जुना कागद एकही नव्हता. मुलीचे आजोबा मात्र आमच्याच शाळेत शिकलेले, 1950 नंतरच्या दशकात केव्हातरी.

"सर, अब्बा का नाम रजिस्टर में होगा ना?" त्यांनी विचारले.

"जरूर होगा, भाई. पाच मिनिटांत काढून देतो," आम्ही रुबाबात म्हणालो आणि कॉम्प्युटर सुरू केला.

हा रुबाब आमचा नव्हता, बडे सरांचा होता. बडे सर म्हणजे आमच्या शाळेतले निवृत्त शिक्षक. 2019 च्या ऑगस्टमध्ये पूर आला, तेव्हा शाळेच्या तळमजल्यात पाणी शिरले. कपाटाच्या खालच्या खणातली जुनी अकरा जनरल रजिस्टरे भिजली. पानापानांत वर्तमानपत्र घालून, पंख्याखाली ठेवून आम्ही ती वाळवली. शाई बरीचशी वाचली, पण कागदात दम राहिला नाही. पान उलटले की कडा हातात येते. बडे सर म्हणाले, "मियाँ, एकदाच शेवटचे उलटू. प्रत्येक नोंद कॉम्प्युटरमध्ये घालू. मग ज्याचे नाव हवे त्याचेच पान उघडायचे, बाकीच्यांना हात लावायचा नाही."

आम्ही झॅम्प नावाचे फुकट मिळणारे सॉफ्टवेअर टाकून एक छोटा डेटाबेस करून दिला. नाव, वडिलांचे नाव, जात, जन्मतारीख, रजिस्टर क्रमांक, पान क्रमांक. वाचायचे काम सरांचे. जुन्या मौलवींचे ते शिकस्ता वळणाचे, नुक्ते गाळलेले अक्षर आमच्या पिढीत कोणाला लागत नाही. लॉकडाउनमध्ये कॉम्प्युटर त्यांच्या घरी नेऊन ठेवला. सहा हजारांवर नोंदी त्यांनी एकट्याने केल्या. 2021 च्या एप्रिलमध्ये कोरोनाने ते गेले. कॉम्प्युटर शाळेत परत आला.

त्या दिवशी आम्ही झॅम्पची खिडकी उघडली आणि 'मायएसक्यूएल'समोरचे स्टार्ट बटण दाबले. नाव पिवळे झाले, क्षणभर हिरवे होईल असे वाटले, आणि खाली लाल अक्षरे उमटली: सर्व्हर अनपेक्षितपणे बंद पडला. पुन्हा दाबले. पुन्हा लाल. दहा वेळा दाबले असेल. लिफ्टचे बटण दहादा दाबणाऱ्याला आम्ही हसतो. त्या दिवशी आम्ही तेच करत होतो.

मुलगी शांतपणे पडद्याकडे पाहत होती. "उद्या या, भाई," आम्ही म्हणालो. मग लक्षात आले की सरांच्या त्या कामाची दुसरी प्रत जगात कुठेच नाही. पेन ड्राइव्हवर घेऊ, पुढच्या शनिवारी घेऊ, असे म्हणत आम्ही वर्षे घालवली होती. हातपाय गार पडणे म्हणजे काय, ते तेव्हा समजले.

संध्याकाळी आमचा एक माजी विद्यार्थी आला. डिप्लोमा करतो. त्याने पाहिले आणि म्हणाला, "सर, ये डेटा फोल्डर उडा देंगे, बाजू का बॅकअप फोल्डर उसकी जगह डालेंगे. एक मिनट में चालू."

त्याचा हात कीबोर्डवर गेला आणि आम्ही तो धरला. बॅकअप हे नाव ऐकून कोणालाही धीर येईल. पण झॅम्पमधला तो बॅकअप आपला नसतो. सॉफ्टवेअर टाकताना आलेली ती कोरी वही असते. ती जागेवर ठेवली की सर्व्हर सुरू होतो खरा, पण त्यात आपले काही नसते. काही जण आपल्या डेटाबेसचा फोल्डर तेवढा उचलून नव्यात टाकतात आणि 'आयबीडेटा1' ही फाइल विसरतात. मग तक्त्यांची नावे दिसतात, पण उघडायला गेले की 'असा तक्ता नाही' असे उत्तर येते. दारावर पाटी आहे, घरात माणूस नाही.

म्हणून पहिले काम एकच केले. सर्व्हर बंद ठेवून पूर्ण डेटा फोल्डर जसाच्या तसा दुसऱ्या डिस्कवर उतरवून घेतला. आता काही बिघडले तरी बिघडलेल्याची तरी प्रत होती.

मग कारण शोधायला बसलो. हा सर्व्हर 3306 क्रमांकाच्या पोर्टवर बसतो. तिथे आधीच दुसरे कोणी बसले असेल, तर याला जागा मिळत नाही. 'नेटस्टॅट' ही आज्ञा देऊन पाहिले. जागा रिकामी होती. म्हणजे भांडण जागेचे नव्हते.

विद्यार्थी म्हणाला, "फिर विंडोज नया डालते है." आम्हाला बडे सर आठवले. एखादे नाव लागले नाही की आम्ही अंदाजाने सांगायचो, आणि ते म्हणायचे, "मियाँ, पहले पढ़ो." डेटा फोल्डरमध्येच चुकांची नोंद ठेवणारी फाइल असते. सर्व्हर का पडला ते तो स्वतःच तिथे लिहून ठेवतो. आपण वाचत नाही एवढेच. शेवटून वर वाचत गेलो. नोंदींचा भाग सांभाळणारे 'इनोडीबी' इंजिन नीट उठले होते, अचानक बंद पडल्यानंतर करायची आपली दुरुस्ती त्याने आपणच केली होती. अडकले होते ते 'आरिया'. आरियाची दुरुस्ती होऊ शकली नाही. तिचे तक्ते तपासून दुरुस्त करा आणि तिच्या लॉग फाइली काढून टाका, असे स्पष्ट लिहिले होते. आदल्या दिवशी वळवाचा पाऊस झाला, लाइट गेली, सर्व्हर चालू होता आणि यूपीएसची बॅटरी कधीचीच मेलेली.

या नावांची गोष्ट आम्हाला आवडते. फिनलंडच्या मोंटी विडेनियस यांनी साथीदारांबरोबर 1995 मध्ये मायएसक्यूएल आणले, त्यातले 'माय' हे त्यांच्या मुलीचे नाव. पुढे ते दुसऱ्या कंपनीच्या हाती गेले. 2009 मध्ये त्यांनी त्याचीच वेगळी शाखा काढली आणि तिला धाकट्या मुलीचे नाव दिले, मारियाडीबी. 2015 पासून झॅम्पमध्ये हीच मारिया असते, बटणावर मात्र अजून थोरलीचे नाव आहे. आरिया हे या मारियातलेच एक इंजिन. सर्व्हरच्या स्वतःच्या घरखर्चाचे, म्हणजे कोणाला आत घ्यायचे, कोणाला कोणते अधिकार द्यायचे, हे तक्ते तिच्याकडे असतात. सरांच्या नोंदी तिच्याकडे नव्हत्या. हे वाचले आणि अर्धा जीव भांड्यात पडला.

आरियाच्या लॉग फाइली पुसल्या नाहीत, दुसऱ्या फोल्डरमध्ये हलवल्या. मग दुरुस्तीची आज्ञा देऊन तिचे तक्ते एकेक करून तपासून घेतले. बिस्मिल्ला म्हणून बटण दाबले. पिवळे, मग हिरवे. या वेळी हिरवेच राहिले.

गोष्ट इथे संपायला हवी होती. सकाळी बाप-लेक आले. आम्ही आजोबांचे नाव टाइप केले. उत्तर आले: एकही नोंद नाही. मुलीच्या वडिलांचा चेहरा उतरला. आम्ही पुन्हा टाइप केले, तेच उत्तर. नाव 'ये' अक्षराने सुरू होणारे. यूसुफ, याकूब अशा नावांसारखे. तेव्हा उलगडा झाला. सरांनी सुरुवातीला अरबी कीबोर्ड वापरला होता, पुढे आम्ही उर्दूचा टाकून दिला. अरबी 'ये' आणि उर्दू 'ये' शब्दाच्या सुरुवातीला अगदी सारखे दिसतात, पण कॉम्प्युटरच्या लेखी त्यांचे क्रमांक वेगळे. 'काफ'चेही तसेच. डोळ्याला जे एक, ते यंत्राला दोन. एक आज्ञा देऊन सगळे अरबी 'ये' आणि 'काफ' उर्दूचे करून घेतले आणि पुन्हा शोधले.

आजोबा सापडले. चौथे रजिस्टर. पण जातीच्या रकान्यात एकच शब्द होता: मुसलमान. पुष्कळ जुन्या नोंदींत हेच असते. लिहिणाऱ्याने सहज लिहिले, तिसरी पिढी त्यासाठी हेलपाटे घालते.

मुलगी हळूच म्हणाली, "सर, दादाजींचे धाकटे भाऊ पण इथेच होते." आम्ही वडिलांच्या नावाने शोधले. तेच पणजोबा, तोच मोहल्ला, सहावे रजिस्टर, साल 1958. जातीचा रकाना: बागवान.

सहावे रजिस्टर टेबलावर आणले. तेवढे एकच पान दोन्ही हातांनी उलटले. अक्षर फिकट, पण स्पष्ट. सख्ख्या चुलत आजोबांची नोंद. दोन्ही नोंदींचे उतारे मुख्याध्यापकांच्या सही-शिक्क्यानिशी दिले. पुढचे काम कार्यालयाचे. वडील वारंवार आमचे आभार मानू लागले, तेव्हा आम्हाला मान वर करवेना. नोंद वाचवली होती ती बडे सरांनी. आम्ही तर ती गमावायच्या बेतात होतो.

आता दर शनिवारी पूर्ण डेटाबेसची फाइल काढून दोन पेन ड्राइव्हवर ठेवतो. एक शाळेच्या कपाटात, एक आमच्या घरी. छापील प्रत बांधून वरच्या मजल्यावर ठेवली आहे. यूपीएसला नवी बॅटरी आणली. आणि नववीच्या दोन मुलींना सुट्टीत त्या जुन्या अक्षराचे वाचन शिकायला बसवले आहे. शिकवायला आता सर नाहीत. पण त्यांनी वाचलेल्या सहा हजार नोंदी कॉम्प्युटरमध्ये आणि भिजल्या पानांचे फोटो मोबाइलमध्ये आहेत. फोटोतले अक्षर पाहायचे, सरांनी काय वाचले ते पाहायचे, आणि पुन्हा अक्षर पाहायचे. आम्हीही त्या मुलींबरोबरच बसतो.