दिमोना गावातला शनिवार

वाचकहो, कृषी खात्याच्या नोकरीत ठिबक, खते आणि किडी यांवर मी तुमच्याशी पुष्कळ बोललो. आज विश्रांतीविषयी बोलणार आहे. तुम्ही म्हणाल, साहेबांची निवृत्ती जवळ आली, म्हणून हे सुचते आहे. तसे असेलही. पण गोष्ट जुनी आहे, 1993 सालच्या डिसेंबरातली.

भारत आणि इस्रायल यांचे राजनैतिक संबंध जानेवारी 1992 मध्ये सुरू झाले होते. आम्ही कृषी महाविद्यालयाचे चार विद्यार्थी, पदवीची परीक्षा नुकतीच दिलेली. एका गुरुजींच्या खटपटीने तीन महिने स्वयंसेवक म्हणून तिकडच्या एका किबुत्झवर गेलो. किबुत्झ म्हणजे सामुदायिक मालकीचे शेतीगाव. जमीन सगळ्यांची, स्वयंपाकघरही सगळ्यांचे. स्वयंसेवकाला राहायला खोली, जेवण आणि थोडा हातखर्च मिळे. गेली काही वर्षे त्या देशाचे नाव युद्धाच्या बातम्यांतच कानी पडते. मी सांगतो आहे तो त्यापूर्वीचा एकच शनिवार.

आमचे किबुत्झ अगदी दक्षिणेला, अरावा नावाच्या वाळवंटी पट्ट्यात होते. वर्षाचा पाऊस जेमतेम 25 ते 30 मिलिमीटर. म्हणजे आपल्याकडे रोहिणीचा एखादा वळीव जेवढा पडून जातो, तेवढा तिथे वर्षभरात! जमिनीखालचे पाणी मचूळ. तरी खजुराच्या बागा उभ्या होत्या, कारण खजुराला खारे पाणी बऱ्यापैकी सोसते. झाडाच्या बुडाशी ठिबकच्या नळ्या. आमचे काम खजुराच्या फांद्यांवरचे काटे काढण्याचे. काटे बोट-दोन बोट लांब, दाभणासारखे. हिवाळ्यात ते काढले की पुढे परागसिंचनाला आणि तोडणीला चढणाऱ्याचे हात वाचतात. पहाटे अंधारात निघायचे, आठवड्याचे सहा दिवस. सातवा दिवस सुट्टीचा.

तो दिवस शनिवार. त्यांचा ‘शब्बाथ’ शुक्रवारी सूर्यास्ताला लागतो आणि शनिवारी आकाशात तीन चांदण्या दिसल्या की सुटतो. आमचे किबुत्झ काही फार धार्मिक नव्हते, पण सुट्टी कडक. गोठ्यात मात्र गाईंना शनिवार कळत नाही. दिवसातून तीनदा धारा, त्यामुळे तिथे पाळी लावलेली असे. पाण्याचे वेळापत्रक शुक्रवारीच यंत्रावर लावून ठेवत. पहिल्या आठवड्यात मला वाटले, रिकामे बसण्यापेक्षा काम केलेले बरे. बागेच्या प्रमुखाला तसे विचारले. तो हसला आणि म्हणाला, रविवारी ये.

एके दिवशी किबुत्झवर माल न्यायला एक ट्रक आला. आम्ही आपसात बोलत होतो, तर चालक खाली उतरून म्हणाला, “कुठले रे पोरांनो तुम्ही?” अस्सल मराठीत! वाचकहो, दोन आठवड्यांनी मराठी बोल कानावर पडला तेव्हा काय वाटले असेल, ते तुम्हीच ताडा. तो बेने इस्रायली होता, राहायला दिमोना गावी. त्याला आम्ही तिथल्या तिथे मामा म्हणू लागलो. पुढच्या शुक्रवारी आम्हा दोघांना त्याने घरी बोलावले.

अलिबाग-पेणकडच्या वाचकांना हे लोक ठाऊक असतील. त्यांची परंपरा सांगते की, पूर्वजांचे गलबत नवगावच्या किनाऱ्याजवळ फुटले आणि सात जोडपी वाचली. पुढे ती कोकणात तेलाचे घाणे चालवू लागली. शनिवारी घाणा बंद, म्हणून लोक त्यांना ‘शनवार तेली’ म्हणत. 1948 साली इस्रायल झाल्यावर बहुतेक जण हळूहळू तिकडे गेले. दिमोना हे 1955 साली वसवलेले गाव. तिथे त्यांची मोठी वस्ती आहे आणि पोरे क्रिकेट खेळतात.

शुक्रवारी दुपारची बस पकडली, कारण नंतर गाड्या बंद होतात. दिमोना सुमारे दीडशे किलोमीटर उत्तरेला, उंचावर, थंडी बोचरी. घरात मामी आणि मामांची आई लगबगीत होत्या. नारळाच्या दुधातले माशाचे कालवण, भात, चपात्यांची चवड. दुसऱ्या दिवसाचेसुद्धा सगळे तेव्हाच रांधून तापत्या पत्र्यावर ठेवलेले, कारण शब्बाथ लागला की विस्तव पेटवायचा नाही. अंधार पडण्याआधी आजींनी दिवे लावले, डोळ्यांवर हात धरून प्रार्थना म्हटली आणि खुर्चीवर बसल्या. मामीही बसल्या. दुसऱ्या दिवशी संध्याकाळपर्यंत दोघींनी हातात काम म्हणून धरले नाही.

शनिवारी दुपारी आजी आमच्याशी बोलत बसल्या. मूळच्या रेवदंड्याकडच्या. शेताविषयी, पावसाविषयी खोदून विचारत होत्या. त्यांच्या आजोबांचा घाणा होता. शनिवारी बैल सोडलेला असे. धर्माची आज्ञाच तशी, त्या म्हणाल्या. घरच्या माणसाला, गड्याला, मोलकरणीला आणि बैल-गाढवालाही विसावा द्यायचा. शिवाय सातव्या वर्षी जमिनीलाही. ते वर्ष नेमके सातवे होते. पुष्कळ ठिकाणी जमीन वर्षापुरती परधर्मीयाच्या नावाने विकून काम चालू ठेवतात. कायद्यातून पळवाट काढणारा शेतकरी सगळीकडे सारखाच!

मी फुशारकीने म्हणालो, “आजी, आमच्या बार्शी तालुक्यातही सोमवारी औत धरत नाहीत. महादेवाचा वार. बैल दिवसभर गोठ्यात.”

“छान आहे की,” आजी म्हणाल्या. “आणि तुझी आई सोमवारी काय करते रे?”

मी बोलायला तोंड उघडले आणि थांबलो. सोमवारी आई गोवऱ्या थापायची. निवडण-टिपण, लुगडी धुणे, गोधडीचे टाके, सगळे सोमवारवर ढकललेले. वर बैलांचे शेणपाणीही तीच करायची. बावीस वर्षांच्या मला हे दिसत होते, पण कधी डोक्यात आले नव्हते.

खरे सांगायचे तर शुक्रवारी मामींची झालेली दमछाकही मी पाहिली होती. एका दिवसाच्या सुट्टीसाठी आदल्या दिवशी दोन दिवसांचे काम. हे मी आजींना बोललो नाही. पाहुण्याने काय बोलावे! रात्री चांदण्या दिसल्या, मामांनी बसवर सोडले. आजींनी वाटेत खायला चपाती-भाजी बांधून दिली.

मार्चमध्ये घरी आलो. ज्वारीची काढणी चालू होती. आईला सगळे सांगितले. ती हसून म्हणाली, “आणि मग जेवायला कोण घालील तुम्हाला?” वडील काहीच बोलले नाहीत.

खळे आटोपल्यावर एका सोमवारी मी हट्टच धरला. भाकरी आदल्या रात्रीच्या होत्या. पिठले मी केले. ते खाली लागले, हे कबूल करतो. वडिलांनी कुरकुरत का होईना, शेण काढले, पाणी भरले. आई ओट्यावर बसली. पण तिला बसता येईना. दोनदा उठून चुलीकडे आली, एकदा सूप घेऊन बसली. मी ते काढून घेतले. “मग मी करू तरी काय?” ती वैतागून म्हणाली.

दुपारी ती शेजारच्या काकूंकडे गेली आणि दिवेलागणीला परतली. लग्न होऊन या घरात आल्यापासून ती आमच्याकडे मोकळ्या हाताने प्रथमच आली, असे काकूंनी मला नंतर सांगितले. एरवी विरजण मागायला नाहीतर निवडायचे सूप घेऊनच येई.