नरनाळ्यावर काय बांधावे?

अकोटहून शहानूरला पोहोचलो तेव्हा नुकतेच उजाडले होते. सोबत डबे, पाण्याच्या बाटल्या, लांब टेप आणि कागदांची गुंडाळी. आमची मुलगी आर्किटेक्चरच्या शेवटच्या वर्षाला आहे. नरनाळा किल्ल्यावर प्रवाशांसाठी विश्रामगृह, हा तिचा प्रकल्प. जागेची पाहणी करायला ती निघाली. जंगलात एकटीला कसे पाठवायचे, म्हणून आम्ही सगळेच निघालो. अम्मीसुद्धा.

वनखात्याच्या चौकीवर नोंद केली. हा किल्ला अभयारण्यात आहे. दोन्ही बाजूंना साग, सालई, धावडा. वर पोहोचल्यावर आधी महाकाली दरवाजा पाहिला. बहमनी काळात, १४८७ साली वऱ्हाडचा सुभेदार फत्हुल्लाह इमाद-उल-मुल्क याने तो उभारला. पुढे त्यानेच इमादशाही स्थापली. दगडात कमळेही आहेत आणि कुरआनच्या आयतीही. मुलीने दरवाजाची लांबी-रुंदी मोजली. अम्मी चष्मा लावून गुंतलेली अक्षरे बोटाने हवेत गिरवत राहिल्या. बऱ्याच वेळाने एक शब्द लागला, तशा त्या हसल्या.

"दादी, माझ्या नकाशात हा दरवाजा म्हणजे नुसता एक चौकोन आहे," मुलगी हळूच म्हणाली.

मग शक्कर तलाव. तिने विश्रामगृह याच्याच काठावर आखले होते. उतार तपासला तेव्हा कळले, पावसाचे पाणी तिच्या इमारतीच्या जागेवरूनच तलावात उतरते. डोंगरमाथ्यावरच्या या किल्ल्याचा जीव असल्या तलावांतच होता. तटाच्या सांध्यांत झाडांची मुळे शिरलेली. ती भिंत फोडतात, पण ओढून काढली तर सैल झालेले दगडही सोबत येतील. शिवाय संरक्षित वास्तूपासून १०० मीटरपर्यंत नव्या बांधकामाला कायद्याने मनाई आहे.

परीक्षा तीन आठवड्यांवर. ती तलावाच्या पायरीवर गप्प बसली. आम्हीही काही बोललो नाही. अम्मींनी डबा उघडून तिच्या हातात पोळी दिली.

परतीच्या वाटेवर तिने शहानूरला गाडी थांबवायला सांगितली. गावालगतची एक मोकळी जागा पावलांनी मोजली, गावकऱ्यांना विहिरीचे पाणी विचारले. रात्री घरी जुना कागद पुढ्यात घेऊन तिने तलावाकाठची इमारत खोडरबराने पुसली. वर उरली फक्त पायवाट, आणि दरवाजासमोर सावलीत एक दगडी बाक.

"हा बाक कशाला?" आम्ही विचारले.

"दादीला वाचायला वेळ लागतो," ती म्हणाली.