खानदेशांतील जुनें लांकूड

खानदेश म्हटला कीं कापूस, केळीं आणि उन्हाळ्याची काहिली एवढेंच बाहेरच्या माणसाच्या डोळ्यांपुढें उभें राहतें. सातपुड्याच्या सागानें या प्रांताच्या माथ्यावर छप्पर धरलें, हें प्रवाशाच्या सहसा ध्यानांत येत नाहीं. तळोदें ही एके काळीं खानदेशांतील लांकडाची मुख्य पेठ होती, आणि तेथील बैलगाड्या साऱ्या खानदेशांत उत्तम, अशी जुन्या गॅझेटिअरांत नोंद आहे. १९०६ सालीं खानदेशाचे पूर्व व पश्चिम असे दोन जिल्हे झाले. तेच पुढें जळगांव आणि धुळें. तळोदें १९९८ पासून नंदुरबार जिल्ह्यांत मोडतें.

या भागांतील जुनें घर धाब्याचें. खांबांवर तुळया, तुळयांवर कड्या, कड्यांवर फळ्या आणि वर मातीचा जाड थर. घर केवढें हें खणांवर मोजावयाचें. दाराच्या गणेशपट्टीवर, खांबाच्या माथ्यावर सुतारानें वेलबुट्टी काढलेली असे. त्याचें नांव मात्र कोठेंच नसे.

आतां हीं घरें उतरत आहेत. भावाभावांच्या वाटण्या होतात, त्या जागीं सिमेंटची इमारत उठते. सलग तुळया व्यापारी नेतो; तुटकी नक्षी, अर्धी कडी, दाराचें फळकूट मागें राहतें आणि बंबांत जातें.

धुळ्यास ही गोष्ट विशेष खटकते. इतिहासाचार्य वि. का. राजवाडे यांनीं घरोघर हिंडून माळ्यांवरचीं दप्तरें जमविलीं. १९२६ च्या अखेरीस ते धुळ्यासच निवर्तले, आणि १९२७ सालीं त्यांच्या नांवाचें संशोधन मंडळ तेथें स्थापन झालें. कागद राखावेत हें आपण त्यांच्यापासून शिकलों. ज्या माळ्यांवर ते कागद होते, त्यांचें लांकूड राखावें हें शिकावयाचें राहिलें.

पूर्वेकडे भुसावळहून तापी ओलांडली कीं फैजपूर लागतें. खेड्यांत भरलेलें काँग्रेसचें पहिलें अधिवेशन १९३६ च्या डिसेंबरांत येथें झालें. खेड्यांतलेंच सामान आणि खेड्यांतलेच हात वापरावे, असा गांधीजींचा आग्रह. शांतिनिकेतनाहून आलेल्या नंदलाल बोस यांनीं बांबू-चटयांसारख्या साध्या वस्तूंनीं तें नगर सजविलें. शोभा किंमतीच्या वस्तूंनींच येते असें नाहीं. ती मांडणाऱ्याच्या दृष्टींत असते, हा धडा फैजपुरानें साऱ्या देशास दिला.

तो धडा आपल्या भिंतीवर गिरवितां येईल. घर उतरतें वेळीं हातभर लांबीचे तुकडे निवडावे. भुंगा किंवा वाळवी लागलेला तुकडा आंत घेऊं नये. बाकीचे चार दिवस उन्हांत ठेवावे. तैलरंगाचे पापुद्रे असतील तर कोरडे घासूं नयेत. जुन्या रंगांत शिसें असूं शकतें. खिळे काढावे, भोकें तशींच राहूं द्यावीं. नवा रंग नको. जवसाच्या तेलाचा हलका हात पुरे. मग जाड फळीवर मांडणी करावी: नक्षीचा तुकडा मध्यें, साधे भोंवतीं, सोनेरी सागाजवळ काळसर शिसवी, एकाच्या रेषा उभ्या, तर शेजारच्याच्या आडव्या. मनास येईपर्यंत फिरवून पाहावें, आणि मगच मागून स्क्रू मारावे. पाठीवर घराचें गांव, कोणत्या दालनांतला तुकडा आणि घर उतरल्याचें वर्ष लिहावें. हें लिहिण्याचें काम घरांतील वडील मंडळींकडे द्यावें. कोणती कडी माजघराची आणि कोणती ओसरीची, हें त्यांनाच आठवतें.

वाटणींत जमीन मोजतात, भांडीं मोजतात, दागिने तोलतात. ज्या तुळईखालीं चारी भावांचे पाळणे टांगले गेले, ती कोणाच्याच वाट्यास येत नाहीं. तिचे चार तुकडे करून चार घरांत लावले, तर जुन्या घराचा थोडा अंश प्रत्येकाकडे राहील, आणि पुढच्या मुलांनीं विचारलें म्हणजे सांगावयास कांहीं तरी असेल.