कॉफीच्या मुलखातलं भाताचं नवं

कोडगू म्हटलं की आपल्याला कॉफी आठवते. मडिकेरीच्या आसपास डोंगरउतारांवर कॉफीचे मळे, सावलीच्या झाडांवर चढलेले मिरवेल. पैसा येतो तो यांतूनच. पण तिथल्या कोडवांचा मोठा सण भाताचा आहे, पुत्तरी. मी कोकणातली. आमच्याकडे दसऱ्याला दारावर नवं, म्हणजे नव्या भाताच्या लोंब्या, बांधतात, म्हणून मैत्रिणीनं माहेरी पुत्तरीला बोलावलं तेव्हा मी लगेच निघाले.

पुत्तरी येते नोव्हेंबर-डिसेंबरात, पौर्णिमेच्या सुमारास. मुहूर्त ठरतो कक्कब्बेजवळच्या पाडी इग्गुतप्पाच्या देवळातून. त्या रात्री सगळा ओक्का, म्हणजे एका मूळपुरुषाची भावकी, ऐनमनेत, म्हणजे वडिलोपार्जित घरात, जमतो. बंगळूरहून, फौजेतून, जिथून जमेल तिथून. भटजी नाहीत. कोडवांची लग्नंसुद्धा वडीलधाऱ्यांच्या आशीर्वादानेच लागतात. ओक्क्यातल्या ज्येष्ठ आजोबांनी पूर्वजांच्या दिव्यापुढे हात जोडले, आंबा-पिंपळासारख्या पाच झाडांची पानं एकत्र बांधली, आणि आम्ही दिवा घेऊन खाचराकडे निघालो. पुरुषांच्या अंगात कुप्या हा काळा लांब अंगरखा, कमरेला तांबडा शेला आणि त्यात खोचलेली पीचेकत्ती, म्हणजे कट्यार.

बांधावर बंदुकीचा बार झाला. विळा फिरला, दवानं ओल्या लोंब्या हातात आल्या आणि सगळे एका सुरात ओरडले, ‘पोली पोली देवा!’ भरभराट मागणारी ती हाक ऐकून माझ्या अंगावर काटा आला.

घरी परतल्यावर मैत्रिणीच्या काकूंनी लोंब्या पानांत गुंडाळून खांबाला, दिव्याला, विहिरीला आणि कॉफी वाळवायच्या खळ्यालाही बांधल्या. मग केळं कुस्करून केलेलं तंबिट्टू आणि नव्या तांदळाचे दाणे घातलेली खीर आली. जेवणाआधी धाकट्यांनी थोरांच्या पाया पडायचं, हे तिथं कुणाला सांगावं लागत नाही.

या घरची बरीच खाचरं आता पडीक आहेत. मजूर मिळत नाहीत, हत्ती उतरतात, आणि भातात खर्चही निघत नाही. तरी घरासमोरचा एक तुकडा दरवर्षी लावतातच. मला हे फार मोलाचं वाटतं, कारण सण टिकवायला आधी शेत टिकवावं लागतं. काकांचाही तोच आग्रह. बंगळूरहून आलेल्या पुतण्यांना ते जेवताना म्हणाले, “पुढच्या पावसात लावणीला या. नुसते कापायला येऊ नका.” त्यातल्या थोरल्यानं तिथल्या तिथे मोबाइल काढला आणि जुलैतली रजा कधी टाकायची, ते काकांना विचारून घेतलं.